कळलावी

कळलावी : (खड्यानाग, इंदई, गौरीचे हात, सं. लांगली, कलिकारी, अग्निशिखा, विशल्या, हिं. कलिहारी, गु. दूधियो वछनाग, क. अग्निशिखे, त. सेंगांदळ, लॅ. ग्लोरिओजा सुपर्बा, कुल–कॉल्चिकेसी). पावसाच्या आरंभी जमिनीतील कंदापासून उगवणारी, पानांच्या टोकांनी आधार धरून वर चढणारी व पावसाळा संपताच वाळून जाणारी ही वेल उष्ण कटिबंधातील सर्वांत देखण्या फुलझाडांपैकी एक आहे. तितकीच ती विषारीही आहे. कंद, खोड, पाने, फुले व बिया ह्या सर्व भागांत कोल्चिसीन हे अल्कलॉइड असते. ज्या द्रव्यामुळे ही वनस्पती प्राणघातक ठरते, त्याच द्रव्यासाठी ती आज पीक म्हणून लावली जाते. सह्याद्रीच्या पायथ्याशी व घाटमाथ्यावर ती रानटी अवस्थेत आढळते. पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्यात श्रावण-भाद्रपदात ती झुडपांवर फुललेली दिसते.

नावे : संस्कृतात ‘लांगल’ म्हणजे नांगर. कंदाच्या दोन भुजा काटकोनात किंवा त्याहून कमी कोनात वळलेल्या असल्याने त्याचा आकार नांगरासारखा दिसतो, म्हणून ‘लांगली’ किंवा ‘हलिनी’. फुलांच्या ज्वालेसारख्या रंगामुळे ‘अग्निशिखा’ आणि शरीरात अडकलेले बाहेर काढणारी म्हणून ‘विशल्या’ ही नावे पडली. ‘गर्भपातिनी’ हे नाव तिच्या एका जुन्या व धोकादायक उपयोगाचे निदर्शक आहे. मराठी नावाची फोड लोक दोन प्रकारे करतात. एका मतानुसार कळा लावणारी, म्हणजे प्रसूतिवेदना सुरू करणारी, ती कळलावी. दुसऱ्या समजुतीनुसार हिचे फूल घरात आणल्यास भांडण जुंपते. भांडणे लावणाऱ्या माणसाला मराठीत ‘कळलाव्या’ म्हणतात, तोच अर्थ येथे घेतला जातो. संस्कृतातील ‘कलिकारी’ (कलह करणारी) हे नाव ह्या दुसऱ्या समजुतीशी जुळते. मुलांनी फुले तोडून घरात आणू नयेत, हा ह्या समजुतीचा व्यावहारिक परिणाम विषारी वनस्पतीच्या बाबतीत उपकारकच ठरला असावा. ‘खड्यानाग’ ह्या नावामुळे मात्र घोटाळा होतो. बचनाग ही हिमालयात वाढणारी सर्वस्वी वेगळी विषारी वनस्पती आहे. तिचे व कळलावीचे कंद बाजारात एकमेकांच्या नावाने विकले गेल्याची उदाहरणे आहेत. इंग्रजीत तिला ग्लोरी लिली किंवा फ्लेम लिली म्हणतात. लिनीअस ह्यांनी १७५३ मध्ये दिलेल्या शास्त्रीय नावातील ‘ग्लोरिओजा’ व ‘सुपर्बा’ हे दोन्ही लॅटिन शब्द फुलाच्या वैभवाचेच वर्णन करतात.

प्रसार व अधिवास : आफ्रिकेचा उष्ण प्रदेश, भारत, श्रीलंका व आग्नेय आशिया हा हिचा मूळ प्रदेश समजतात. भारतात समुद्रसपाटीपासून सुमारे १,८०० मी. उंचीपर्यंत ती आढळते. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर शोभेसाठी नेलेली ही वेल बागांबाहेर पसरून वाळूच्या टेकड्यांवर तण म्हणून माजली आहे. झिंबाब्वेचे ते राष्ट्रीय फूल, तर तमिळनाडूचे राज्यफूल आहे. संघम् काळातील तमिळ काव्यात ‘कांदळ’ ह्या नावाने तिचा उल्लेख वारंवार येतो.

मुळशी तालुका पुणे जिल्ह्याच्या पश्चिम सीमेवर आहे. पूर्वेकडील पिरंगुट व पौड ह्या भागांपासून पश्चिमेकडे ताम्हिणीच्या घाटमाथ्यापर्यंत जाताना थोड्याच अंतरात पावसाचे मान झपाट्याने वाढते. घाटमाथ्यावर वर्षाला ५,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो. दाट सदाहरित रानाच्या गडद सावलीत कळलावी सहसा वाढत नाही. रानाची कड, कारवीची व करवंदीची जाळी, भातखाचरांचे उंच बांध, वाटेकडेची कुंपणे व देवरायांच्या सीमा ह्या तिच्या आवडीच्या जागा होत. तेथे मुळांना सावली व ओलावा मिळतो, शेंड्याला ऊन मिळते आणि उताराच्या जमिनीमुळे पाणी साचून राहत नाही. ह्या तीन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे वेल जोमाने वाढते. लागवडीचे सर्व तंत्र ह्याच तीन गोष्टी शेतात साधण्यावर आधारलेले आहे.

वर्णन : ही बहुवर्षायू ओषधी असून तिचे जमिनीवरील खोड मात्र वर्षायू असते. खोड बारीक, हिरवे, ३–६ मी. लांब व वर थोडेफार शाखित. पाने साधी, बिनदेठाची, एकाआड एक, समोरासमोर किंवा तिनाच्या मंडलात, भाल्यासारखी, सु. ७–१८ सेंमी. लांब, समांतर शिरांची. पानाचे टोक बारीक होत जाऊन त्याचे प्रतान (तणावा) बनते. प्रतानाचा जवळच्या काडीला स्पर्श झाला की ते तिच्याभोवती वळते; वेलीला वर चढण्याचे ह्याखेरीज दुसरे साधन नसते.

फुले मोठी, एकेकटी, लांब देठावर खाली झुकलेली. परिदले सहा, सुटी, अरुंद, ५–८ सेंमी. लांब, कडांना लाटांप्रमाणे चुणीदार व मागे वळून वर उभी राहिलेली. फुलाचा रंग वयानुसार बदलतो. कळी हिरवट असते. उमलताना परिदले तळाशी पिवळी व टोकाशी तांबडी होतात आणि अखेरीस सगळे फूल गडद लाल होते. त्यामुळे एकाच वेलीवर एकाच वेळी हिरवी, पिवळी, शेंदरी व लाल अशी सर्व छटांची फुले दिसतात. केसरदले सहा, चक्राच्या आऱ्यांप्रमाणे बाजूंना पसरलेली. परागकोश मध्यभागी तंतूला जोडलेले व सहज हलणारे. किंजपुट ऊर्ध्वस्थ व तीन कप्प्यांचा. किंजल किंजपुटापासून काटकोनात वळून एका बाजूस बाहेर गेलेला. फळ (बोंड) लांबट, ४–५ सेंमी.; पिकल्यावर तीन शकलांत उकलते. बिया अनेक, वाटोळ्या, बाहेरून लालभडक मांसल आवरणाच्या. हा रंग मुलांचे लक्ष वेधून घेतो, म्हणून बोंडे उकलण्याचा काळ विशेष काळजीचा असतो.

पूर्वीच्या वर्गीकरणात हिचा अंतर्भाव पलांडु कुलात (लिलिएसीमध्ये) करीत असत. जुन्या मराठी व इंग्रजी ग्रंथांत तसाच उल्लेख सापडतो. नंतरच्या संशोधनानुसार हे मोठे कुल विभागले गेले व कळलावी सुरंजान ह्या औषधी वनस्पतीबरोबर कॉल्चिकेसी कुलात गेली. दोन्ही वनस्पतींत कोल्चिसीन असते. हे साम्य योगायोगाचे नसून जवळच्या नात्याचे आहे.

जीवनक्रम : जूनमधील पहिल्या दमदार पावसानंतर कंदाच्या टोकाशी असलेला डोळा फुटतो. जुन्या कंदातील साठा वापरून कोंब वर येतो. पाने कामाला लागल्यावर खोडाच्या तळाशी दोन भुजांचा नवा कंद तयार होतो व जुना सुरकुतून नाहीसा होतो. मुळशीच्या परिसरात जुलैअखेरपासून फुले येऊ लागतात व ऑगस्ट-सप्टेंबरात बहर असतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बोंडे पिकतात, वेल पिवळी पडते आणि जमिनीवर तिचा मागमूस राहत नाही. पुढील सहा-सात महिने नवा कंद जमिनीखाली सुप्तावस्थेत असतो. उन्हाळ्यातील वणवा वरून निघून गेला तरी खोलवर असलेला कंद त्यातून वाचतो. विषारी असल्याने गुरेही वेलीला सहसा तोंड लावत नाहीत.

प्रत्येक भुजेच्या टोकाला एकेक डोळा असतो, म्हणून एका कंदापासून पुढच्या वर्षी दोन वेली होऊ शकतात. मात्र डोळा मोडला तर ती भुजा सहसा फुटत नाही. बीजापासून आलेले रोप पहिल्या वर्षी लहानसा कंद तेवढा तयार करते; त्याला फुले येण्यास तीन-चार पावसाळे जावे लागतात. ह्यावरून रानातून उपटलेल्या एका कंदाची किंमत ध्यानात येते. जो कंद क्षणात खणून निघतो तो बीजापासून पुन्हा उभा राहण्यास तितकी वर्षे लागतात.

परागण : किंजल बाजूस वळलेला व परागकोश दूरवर पसरलेले असल्यामुळे फुलातील पराग त्याच फुलाच्या किंजल्कावर आपोआप पडण्याचा संभव कमी असतो. मधासाठी झुकलेल्या फुलाच्या तळाशी येणाऱ्या मोठ्या फुलपाखरांच्या पंखांना व शिंजीर पक्ष्यांच्या अंगाला पराग लागतात आणि दुसऱ्या फुलाच्या बाहेर आलेल्या किंजल्कावर ते पोहोचतात. सतत पाऊस लागून राहिला की हे पाहुणे फिरकत नाहीत व फळे कमी धरतात.

रासायनिक घटक : कलकत्त्यात १८८० च्या सुमारास ह्या कंदाचे रासायनिक परीक्षण झाले व त्यातील कडू विषारी द्रव्याला ‘सुपर्बिन’ असे नाव देण्यात आले. युरोपातील कॉल्चिकम ह्या वनस्पतीतून १८२० मध्ये पेल्त्ये व काव्हांतू ह्या फ्रेंच शास्त्रज्ञांनी वेगळे केलेले कोल्चिसीनच कळलावीतही आहे, हे १९१५ मध्ये स्पष्ट झाले. त्याशिवाय ग्लोरिओसीन व कोल्चिकोसाइड ही संबंधित द्रव्येही तीत असतात. वाळलेल्या कंदात कोल्चिसिनाचे प्रमाण सामान्यतः ०·१ ते ०·३ टक्के असते. बियांत ते त्याच्या दुप्पट-तिप्पट भरते. जमीन, हवामान व वाण ह्यांप्रमाणे हे प्रमाण बरेच बदलते. पारंपरिक औषधोपचारांतील मुख्य अडचण ह्या बदलत्या प्रमाणातच आहे. दोन ठिकाणचे सारख्या वजनाचे कंद सारख्या तीव्रतेचे नसतात आणि चवीवरून किंवा रंगावरून फरक कळत नाही.

पारंपरिक उपयोग : आयुर्वेदात लांगलीची गणना रुई, शेर, धोतरा, कण्हेर, गुंज व अफू ह्यांच्याबरोबर उपविषांत केली आहे. कंद वापरण्यापूर्वी त्याचे तुकडे एक अहोरात्र गोमूत्रात भिजवून वाळविण्याचा शोधनविधी सांगितला आहे. त्याचा बहुतेक वापर बाह्योपचारासाठी आहे : गंडमाळा, मूळव्याध, चिघळलेले व्रण, त्वचेचे जुनाट विकार व संधिवाताची सूज ह्यांवर कंद उगाळून लेप लावतात. विंचवाच्या दंशावरही असा लेप लावण्याची चाल आहे. पानांचा रस डोक्यातील उवा मारण्यासाठी लावीत. गुरांच्या पोटातील जंतांवर कंद देण्याची रीतही काही भागांत होती.

प्रसूतीशी असलेला हिचा संबंध प्राचीन आहे. वार पडण्यास विलंब झाल्यास लांगलीच्या मुळाचा कल्क प्रसूत स्त्रीच्या हातापायांच्या तळव्यांना लावावा, असा उपाय सुश्रुतसंहितेत आला आहे. येथे लेप सांगितला आहे, पोटात देणे नव्हे, हा भेद महत्त्वाचा आहे. पुढील काळात लोकव्यवहारात हा भेद पुसट झाला. अडलेल्या बाळंतिणीला कळा याव्यात म्हणून किंवा गर्भपातासाठी कंद पोटात देण्याचे किंवा योनिमार्गात ठेवण्याचे प्रकार घडत आले व त्यांत अनेक स्त्रियांचे प्राण गेले. जुन्या विषविज्ञानाच्या ग्रंथांत गर्भपातासाठी, आत्महत्येसाठी व परहत्येसाठी वापरले जाणारे विष म्हणून हिची नोंद आहे. दवाखाना दूर असलेल्या, पावसाळ्यात वाटा बंद पडणाऱ्या डोंगरी मुलखात कुंपणावर सहज मिळणारी वनस्पती अडचणीच्या वेळी हाताशी येई, हे अशा वापराचे एक कारण होय. गर्भाशयाच्या आकुंचनावर नियंत्रित परिणाम करणारी सुरक्षित औषधे आज उपलब्ध असल्यामुळे ह्या कामासाठी कळलावी वापरण्याचे कोणतेही समर्थन उरलेले नाही.

धार्मिक व्यवहारातही ह्या फुलाला स्थान आहे. बहराचा काळ भाद्रपदातील गौरींच्या सणाशी जुळतो. कोकणात ह्या फुलांना ‘गौरीचे हात’ म्हणतात व गौर सजविताना ती वापरतात. वर वळलेल्या परिदलांचा व पसरलेल्या केसरांचा आकार बोटे पसरलेल्या हातासारखा दिसतो. एकीकडे भांडण लावणारी म्हणून घराबाहेर ठेवलेली व दुसरीकडे गौरीसाठी मानाने घरात आणलेली अशी ही वनस्पती आहे. वर्षातून एकदा, मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली फूल आणण्याची मुभा आणि एरवी मनाई, असा ह्या दोन चालींचा मेळ बसतो.

विषबाधा : विषबाधा बहुधा कंद चुकून खाल्ल्यामुळे होते. रताळी किंवा कणगर ह्यांसारख्या खाद्य कंदांच्या भ्रमाने कळलावीचे कंद शिजवून खाल्ल्याने मृत्यू घडल्याचे श्रीलंकेत व दक्षिण भारतात नोंदले गेले आहे. शिजविल्याने विष नाहीसे होत नाही. वाळलेल्या कंदात ०·३ टक्के कोल्चिसीन धरल्यास १० ग्रॅ. कंदात ते ३० मिग्रॅ. भरते, वैद्यक व्यवहारातील कोल्चिसिनाची एक गोळी सामान्यतः ०·५ मिग्रॅ.ची असते. अर्थात बोटभर वाळलेल्या कंदात अशा साठ गोळ्यांइतके विष असू शकते.

पहिली लक्षणे खाल्ल्यापासून काही तासांनी दिसतात : तोंड व घसा ह्यांची आग, मळमळ, जोराच्या उलट्या, पटकीसारखे व कधी रक्तमिश्रित जुलाब. शरीरातील पाणी कमी होऊन रक्तदाब घसरतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून मूत्रपिंडे, हृदय व अस्थिमज्जा ह्यांवर परिणाम होतो. रक्तातील पांढऱ्या पेशी व बिंबाणू कमी होतात. जो रोगी ह्यातून वाचतो त्याचे केस एक-दोन आठवड्यांनी गळू लागतात व पुढे पुन्हा येतात. उलट्या थांबल्याने धोका टळला असे समजणे चुकीचे आहे, कारण गंभीर परिणाम त्यानंतरच दिसतात. रोग्यास विनाविलंब रुग्णालयात न्यावे व खाल्लेल्या कंदाचा तुकडा किंवा वेल बरोबर न्यावी. त्यामुळे निदान लवकर होते. घरगुती उताऱ्यांत वेळ घालवू नये.

कळलावीचा कंद ओळखण्याच्या खुणा पुढीलप्रमाणे : तो गुळगुळीत, दोन्ही टोकांना निमुळता व कोनात वळलेला असतो, रताळे मध्ये फुगीर, मुळे असलेले व वेडेवाकडे असते. मात्र कंद तुटलेला असल्यास ह्या खुणा पुरेशा नसतात. उभ्या वेलीच्या पानाचे प्रतान झालेले टोक ही सर्वांत भरवशाची खूण होय. वेल वाळल्यानंतर ही खूण राहत नाही, म्हणून अनोळखी कंद उन्हाळ्यात खणून खाऊ नयेत.

आधुनिक उपयोग : कोल्चिसीन पेशीतील ट्यूब्युलीन ह्या प्रथिनाला चिकटते. त्यामुळे सूक्ष्मनलिका तयार होत नाहीत व पेशीविभाजन मध्येच थांबते. अस्थिमज्जा, आतड्याचे अस्तर व केसांची मुळे ह्या ठिकाणी पेशी सतत विभागत असतात. विषबाधेचा आघात तेथेच का होतो, हे त्यावरून समजते. पांढऱ्या पेशींच्या हालचालीही मंदावतात व त्यामुळे दाह कमी होतो. वातरक्त (गाऊट) ह्या विकाराच्या तीव्र वेदनांवर ते म्हणूनच गुणकारी ठरते. आनुवंशिक भूमध्यसागरी ज्वरात १९७२ पासून त्याचा उपयोग होऊ लागला. हृदयावरणाच्या दाहातही ते देतात. रोहिणीविकाराच्या रोग्यांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका कमी करण्यासाठी अल्प मात्रेत ते वापरण्यास अमेरिकेत २०२३ मध्ये मान्यता मिळाली. उपयुक्त मात्रा व घातक मात्रा ह्यांतील अंतर थोडे असल्याने ते वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे लागते. बियांतील कोल्चिकोसाइडापासून थायोकोल्चिकोसाइड हे स्नायूंचा ताठरपणा कमी करणारे औषध बनवितात.

वनस्पतिप्रजननात कोल्चिसिनाला वेगळेच महत्त्व आहे. त्याच्या प्रक्रियेने वनस्पतीच्या पेशीतील गुणसूत्रांची संख्या दुप्पट करता येते, हे ब्लेकस्ली व एव्हरी ह्यांनी १९३७ मध्ये दाखविले. जपानमध्ये किहारा ह्यांनी बिनबियांचे कलिंगड निर्माण केले, ते ह्याच तंत्राच्या आधारे.

लागवड : भारतात कळलावीचे पीक मुख्यत्वे तमिळनाडूत दिंडीगल, करूर, तिरुप्पूर, अरियलूर इ. जिल्ह्यांत घेतात. तेथील शेतकरी कंदासाठी नव्हे, तर बियांसाठी ते लावतात. बिया दरवर्षी मिळतात व कंद जमिनीत राहतो, त्यामुळे एकदा लावलेले पीक चार-पाच वर्षे टिकते.

जमीन पाण्याचा चांगला निचरा होणारी, तांबूस, मध्यम पोताची व किंचित अम्ल ते उदासीन असावी. भारी काळ्या जमिनीत कंद कुजतात. लागवड जून ते ऑगस्टच्या दरम्यान करतात. कंदाच्या दोन भुजा काळजीपूर्वक वेगळ्या करून प्रत्येकीचा डोळा शाबूत असल्याची खात्री करतात. ५०–६० ग्रॅ. वजनाचा तुकडा उत्तम. हलक्या तुकड्यापासून त्या वर्षी फुले येतीलच असे नाही. कवकनाशकाच्या विद्रावात बुडवून तो सरीत ६–८ सेंमी. खोल आडवा ठेवतात. दोन तुकड्यांत ३०–४५ सेंमी. अंतर राखतात. कोंब ठिसूळ असतो व एकदा मोडला तर त्या वर्षीची वेल हातची जाते, म्हणून खुरपणी हाताने करावी लागते.

वेलीला आधार आवश्यक असतो. त्यासाठी वाळलेल्या काटक्या, तारांचे मांडव किंवा जिवंत झुडपांच्या ओळी वापरतात. फळे भरपूर धरावीत म्हणून सकाळच्या वेळी एका फुलातील पराग दुसऱ्या फुलाच्या किंजल्कावर हाताने लावतात. मोठ्या क्षेत्रावर नैसर्गिक परागण पुरेसे होत नाही. फुलांच्या हंगामातील मजुरीचा मोठा भाग ह्या कामावर खर्च होतो. पॉलिटेला ग्लोरिओसी ह्या पतंगाची अळी पाने व कळ्या फस्त करते. इतर प्राण्यांना घातक असलेले विष तिला बाधत नाही. कंदकुज व पानांवरील करपा हे मुख्य रोग होत. लागवडीपासून १६०–१८० दिवसांत पीक तयार होते. बोंडाचा हिरवा रंग फिका पडून साल सुरकुतली की ते तोडतात, सावलीत वाळवितात व बिया वेगळ्या करतात. चांगल्या पिकापासून हेक्टरी २००–२५० किग्रॅ. वाळलेल्या बिया मिळतात. बिया हाताळताना हातमोजे घालणे व तोंडाला हात न लावणे इष्ट असते. खरेदीदार थोडे व मागणी औषधनिर्मितीवर अवलंबून असल्याने भावात मोठे चढउतार होतात.

घरगुती बागेत शोभेसाठीही कळलावी लावता येते. वेल वाळल्यावर कंद काढून कोरड्या वाळूत ठेवतात व पावसाळ्याच्या तोंडाशी पुन्हा लावतात. लहान मुले व पाळीव जनावरे असलेल्या घरी ती लावू नये.

मुळशी परिसरातील स्थिती : घाटमाथ्यालगतच्या गावांत रानटी कळलावी चांगली वाढते, म्हणून तेथे तिचे पीकही चांगले येईल असे नाही. जुलै-ऑगस्टमधील अखंड पावसात सपाट शेतात कंद कुजतात व फुले आली तरी परागण होत नाही. भातखाचरांची पाणी धरून ठेवणारी जमीन तर सर्वथा अयोग्य. पौडच्या पूर्वेकडील कमी पावसाच्या भागात, डोंगरउतारावरील वरकस जमिनीत किंवा उंच वाफ्यांवर तिची लागवड करणे अधिक सयुक्तिक ठरते. खाद्य कंदांच्या शेजारी मात्र ती लावू नये. विक्रीची निश्चित सोय असल्याखेरीज मोठ्या क्षेत्रावर हे पीक घेणे जोखमीचे असते.

रानातील कळलावी जगाच्या मानाने दुर्मिळ नसली, तरी सुलभ वाटांलगतच्या जागी ती कमी होण्याची कारणे उघड आहेत. औषधी व्यापारासाठी कंद खणले जातात. फार्महाउसे व वसाहती वाढल्याने जिवंत कुंपणांच्या जागी तारा व भिंती येतात. फुलांच्या आकर्षणाने आलेले लोक वेली ओढून काढतात. ताम्हिणी परिसरातील सुमारे ५० चौ. किमी. क्षेत्र २०१३ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाले. त्याच्या हद्दीत कंद खणण्यास कायद्याने मनाई आहे. हद्दीबाहेरच्या देवरायांत परंपरेने झाडे तोडण्यास व खणण्यास बंदी असे. सह्याद्रीतील अशा देवरायांचा अभ्यास माधव गाडगीळ व वा. द. वर्तक ह्यांनी १९७० नंतरच्या दशकात पुण्याहून केला व वनस्पतींची आश्रयस्थाने म्हणून त्यांचे मोल दाखवून दिले. देवराईची कड हे कळलावीसारख्या प्रकाशप्रिय वेलींचे नेमके स्थान असल्याने राई राखून तिच्या भोवतालचे झुडूप साफ केले, तरी ह्या वनस्पती जातात.

कंद खणणे अपरिहार्यच असेल, तर बोंडे उकलून बिया गळून पडल्यावर ते करणे आणि दोन भुजांपैकी एक डोळ्यासह पुन्हा त्याच जागी पुरणे, एवढ्याने वेल टिकू शकते. फुलोऱ्यात कंद काढल्यास त्या वर्षीचे बी व पुढील वर्षीची वेल ही दोन्ही जातात. कोल्चिसिनासाठी बियाच अधिक उपयुक्त आहेत व त्या लागवडीतून मिळतात. म्हणून औषधासाठी रानातील कंदांवर अवलंबून राहण्याचे आज कारण नाही. रानातील वेल अबाधित राहिल्यास लागवडीसाठी निरनिराळ्या तीव्रतेचे व रोगप्रतिकारक्षम वाण निवडण्याचा साठा टिकून राहतो आणि भाद्रपदात कुंपणावर उमलणारे फूल पुढील पिढ्यांनाही पाहावयास मिळते.